शेतात पडून राहिलेली महिंद्राची जुनी एफसी (फॉरवर्ड कंट्रोल) पिकअप पुन्हा रस्त्यावर आणता येईल का, की भंगारात द्यावी?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की वडिलांची १९७० च्या आसपासची महिंद्रा एफसी-१५० विहिरीजवळ बाभळीखाली कितीतरी वर्षं उभी आहे, इंजिन जाम आहे, केबिनचा तळ गंजून गेलाय आणि भंगारवाला किलोचा भाव सांगून गेलाय.

चासी सरळ असेल आणि आरसी बुक घरात असेल तर देऊ नका. इंजिन जाम आहे म्हणून तर मुळीच देऊ नका. चुलत्यांची अशीच एक एफसी मी पुन्हा चालती केली आहे. तिच्या इंजिनाने जेवढा त्रास दिला, त्याच्या कितीतरी पट पत्र्याने आणि कागदांनी दिला.

ही गाडी दिसायला वेगळी आहे. नाक नाहीच, केबिन थेट पुढच्या चाकांवर बसवलेली. अमेरिकेत जीप बनवणाऱ्या विलीज कंपनीने १९५६ च्या अखेरीस ती आणली, आराखडा ब्रुक्स स्टीव्हन्स या डिझायनरचा. पण खालचा सगळा ऐवज जीपचाच. दोन सीटच्या मधल्या डब्याखाली तेच हरिकेन इंजिन, चार सिलिंडर, २१९९ सीसी, इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये. त्यामुळे पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट, क्लच प्लेट हे सगळं दुकानात 'सीजे-३बी'च्या, म्हणजे महिंद्राच्या जुन्या जीपच्या नावाने मागायचं. एफसी म्हणालात तर दुकानदार नुसता बघत राहील. जुना नग सोबत न्या आणि जुळवूनच घ्या. मध्ये कुणीतरी डिझेल इंजिन बसवलेलं असू शकतं, पेट्रोल महागल्यावर अनेकांनी तसं केलं. म्हणून इंजिन नंबर आरसीशी ताडून बघा.

गाडीला हात लावण्याआधी काठीने सगळीकडून ठोकून घ्या. साप, विंचू, गांधीलमाशांचं पोळं यातलं काही ना काही आत असतंच.

मग चासी. हातोडीने टोकापासून टोकापर्यंत वाजवत जा. चांगला लोखंडी भाग खणखणतो, गंजलेला बद्द वाजतो. पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) हँगर आणि आडव्या पट्ट्यांचे जोड जास्त बघा, माती आणि पाणी तिथेच साचतं. नंतर टेप घेऊन दोन्ही कर्ण मोजा, पुढच्या डाव्या हँगरपासून मागच्या उजव्यापर्यंत आणि उलट. मापात ठळक फरक आला तर चासी वाकलेली आहे, आणि तशी गाडी रस्त्यावर नेहमी एका बाजूला ओढणार. थोडाफार गंज असेल तर कापून प्लेट मारता येते. फक्त वेल्डरला सांगा की प्लेटची टोकं तिरकी कापायची. चासीवर सरळ उभा जोड मारला की पुढची चीर त्याच्याच कडेने जाते.

हे करताना चासी नंबर जिथे कोरलाय तिथे ग्राइंडर, सँडब्लास्टिंग, वेल्डिंग यातलं काहीही जाऊ देऊ नका. टेप लावून झाका. आरटीओत त्या नंबरचा पेन्सिलने छाप घेतात. आकडे बुजले तर गाडी कितीही चकाचक असली तरी ती कुणाची हे सिद्ध करत बसावं लागतं.

आता इंजिन. गावाकडे जाम गाडी ट्रॅक्टरला बांधून, गिअरमध्ये टाकून ओढायची पद्धत आहे. तसं अजिबात करू नका, कनेक्टिंग रॉड वाकतो. चारही प्लग काढून प्रत्येक भोकात डिझेल आणि गिअरचं पातळ तेल मिसळून ओता आणि काही दिवस विसरून जा. मग क्रँक पुलीच्या नटावर पाना लावून हळूहळू मागे-पुढे करा. सुटलं तर छान, नाही सुटलं तर हेड उतरवा. उतरवताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: हेडचा एक बोल्ट कार्बोरेटरखाली, इनलेटच्या तोंडात लपलेला असतो. तो राहून गेला आणि कुणी जोशात पहार लावली, की हेड तडकलंच म्हणून समजा. ब्लॉकला बोअरिंग, क्रँकला ग्राइंडिंग ही कामं आपल्याकडे अजून उत्तम होतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तर एकेका गल्लीत हे करणारे लेथवाले सापडतात.

पेट्रोलची टाकी धुवून चालवायचा मोह टाळा. आत सुटलेला गंज कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतच राहणार. शिवाय आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा त्याने फुगतो, चिरतो. सगळं रबर नवीन आणि इथेनॉल सोसणारं घ्या. वायरिंगही पूर्ण नवीन ओढा, उंदरांनी सोडलेल्या तुकड्यांना जोड देत बसू नका.

ब्रेकमध्ये मात्र काटकसर नको. या गाडीत चारही चाकांना ड्रम आहेत आणि ब्रेकची लाइन एकच आहे. कुठेही एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, धातूच्या नळ्या, होज सगळं बदला. इंजिन चालू झाल्याच्या आनंदात ब्रेकशिवाय गाडी बांधावरून फिरवणारे शूर लोक मी पाहिले आहेत.

खरा खर्च केबिनचा. जीपचं यंत्र मिळतं, पण एफसीचा दरवाजा, खांबाखालचा पत्रा किंवा तळ दुकानात मिळत नाही. ते हातानेच घडवावं लागतं. त्यासाठी नुसता डेंटर-पेंटर पुरत नाही, जुन्या ट्रक-टेम्पोंच्या केबिन बांधलेला पत्रेवाला मिस्त्री शोधा. गंजलेल्या जागी लांबी (पुटी) थापून रंग मारणारा समोर आला तर नम्रपणे चहा पाजून परत पाठवा. दोन पावसाळ्यांत तो रंग पापड सुटावा तसा सुटतो. पत्रा कापून नवीन लावायचा, आतून रेड ऑक्साइड, आणि पाणी निघून जायची भोकं उघडी ठेवायची. पुढची काच शाबूत असेल तर ती आजच उतरवून घरात ठेवा.

कागदांचं काम पत्र्याच्या कामासोबतच सुरू करा. पंधरा वर्षं झाली की गाडी आपोआप भंगार, असं गावात कुणीतरी ठामपणे सांगेल. पेट्रोलला पंधरा आणि डिझेलला दहा वर्षांचा तो नियम दिल्ली परिसराचा आहे. आपल्याकडे नोंदणी आणि फिटनेसचं नूतनीकरण होतं. गाडी वडिलांच्या नावावर आहे आणि ते हयात नसतील, तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो. जुना तीन अक्षरी नंबर ऑनलाइन दिसत नसेल तर आधी आरटीओत बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुन्या नोंदीची ऑनलाइन नोंद, करून घ्या.

२०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पन्नास वर्षं ओलांडलेली आणि मूळ रूपात असलेली गाडी त्यात नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण तशी नोंदवलेली गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. तुमची पिकअप आरसीवर मालवाहू म्हणून लागली असेल तर ती या नियमात बसते का हे आरटीओत आधी विचारा. बाजारातून भाजी आणायला गाडी हवी असेल तर या वाटेला न गेलेलंच बरं.

पैसे वसूल होतील का, असंही तुम्ही विचारलंय. नाही होणार. एवढ्या खर्चात धडधाकट वापरलेली पिकअप येते. वडिलांची गाडी म्हणून करायची असेल तरच करा, आणि चासीच्या निकालाआधी रंगाचा विचारही नको.

चासी गेलीच असेल, तर भंगारवाल्याच्या काट्यावर अख्खी गाडी चढवू नका. आधी आरटीओत नोंदणी रद्द करून घ्या, नाहीतर गाडी कागदावर तुमच्याच घरची राहते. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही अ‍ॅक्सल सुटे काढा. जुन्या जीपा सांभाळणारे लोक यासाठी भंगाराच्या भावापेक्षा बरेच जास्त देतात. भंगारवाल्याला नुसता पत्रा द्या.