10 एचपीच्या ब्लोअरसाठी आयई2 मोटर घ्यावी की आयई3? आणि ‘इंटरनॅशनल सर्टिफाइड’ म्हणजे काय?

तुम्ही लिहिलंय की रबाळ्याच्या पावडर कोटिंग युनिटमधली ब्लोअरची 10 एचपीची मोटर जळली, ब्लोअर दोन पाळ्यांत चालतो, आणि डीलर म्हणतो, ‘आयई2 घ्या, इंटरनॅशनल सर्टिफाइडच आहे, आयई3चे जास्तीचे पैसे कशाला घालवता?’ मी वागळे इस्टेटमध्ये मोटर टेस्टिंगच्या कामात आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

आयई3च घ्या. आयई2, आयई3 हे एफिशिअन्सीचे, म्हणजे घेतलेल्या विजेतली किती कामाला येते याचे वर्ग; आकडा मोठा तितकी वीज कमी वाया जाते. 10 एचपी म्हणजे 7.5 किलोवॅट. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेच्या 60034-30-1 या मानकात या साइझच्या 4 पोल, 50 हर्ट्‌झ मोटरची एफिशिअन्सी आयई2 साठी 88.7 टक्के आणि आयई3 साठी 90.4 टक्के ठरवली आहे. पूर्ण लोडवर पहिली साधारण 8.46 किलोवॅट ओढते, दुसरी 8.30. फरक 160 वॅटचा. दिवसाला 16 तास आणि वर्षाला 300 दिवस धरले तर वर्षाला साडेसातशेच्या वर युनिट वाचतात. युनिटला 9 रुपये धरले तर जवळजवळ 6,900 रुपये. तुमच्या बिलातला दर घालून बघा, आणि लोड 70 टक्केच असेल तर बचतही त्या मानाने कमी धरा. तरीही दोन पाळ्यांच्या कामाला आयई2 घेणं मला पटत नाही. दिवसाला तासभर चालणारी मोटर असती तर वेगळं सांगितलं असतं.

आता सर्टिफाइडचं. आयईसी मानकं लिहिते, ती स्वतः मोटरी तपासून शिक्का मारत नाही. डीलरकडून दोन गोष्टी मागा: नेमप्लेटवर आयएस 12615 (अशा मोटरींचं भारतीय मानक) आणि आयएसआय मार्क आहे का, आणि त्या मॉडेलचा टेस्ट रिपोर्ट. रिपोर्ट एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी भारतीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबचा हवा आणि त्यात टेस्टची पद्धत लिहिलेली हवी. पद्धत लिहिली नसेल तर एफिशिअन्सीच्या आकड्याला अर्थ नाही, हे मी अगदी ठामपणे सांगतो.

कारण एकच मोटर दोन पद्धतींनी तपासली तर दोन आकडे येतात. मोटरमधले लॉस, म्हणजे वाया जाणारी वीज, पाच प्रकारचे: स्टेटरच्या तांब्यातला, रोटरमधला, लोखंडी कोअरमधला, बेअरिंग आणि पंख्याचा, आणि उरलेला स्ट्रे लॉस. हा शेवटचा मोजायला सगळ्यात अवघड. जुन्या आयईसी पद्धतीत तो मोजतच नसत, इनपुटच्या अर्धा टक्का धरून चालत. अमेरिकेत आयईईई 112 या तिकडच्या मानकातल्या बी पद्धतीने तो मोजला जायचा, त्यामुळे तिकडच्या आकड्यांपुढे आपल्याकडच्या आणि युरोपच्या मोटरी कागदावर जरा जास्तच चांगल्या दिसायच्या. 2007 मध्ये आयईसी 60034-2-1 आलं आणि स्ट्रे लॉस टेस्टमधूनच काढायला सुरुवात झाली.

टेस्ट बेंचवर मोटर आधी लोडवर तापमान स्थिर होईपर्यंत चालवतात. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण 0.39 टक्के वाढतो. वाइंडिंग 60 अंशांनी तापलं की रेझिस्टन्स जवळजवळ पावपट जास्त. थंड मोटर तपासून आकडा छापला तर तो फुगलेलाच असणार. मग लोड 125 टक्क्यांपासून 25 पर्यंत टप्प्याटप्प्याने उतरवत टॉर्क, स्पीड आणि वॅट टिपतात.

आणखी एक गोष्ट डीलर सहसा सांगत नाहीत. आयईसी 60034-1 प्रमाणे 150 किलोवॅटपर्यंतच्या मोटरला लॉसच्या 15 टक्के टॉलरन्स आहे, म्हणजे लॉस तेवढा जास्त निघाला तरी चालतो. त्यामुळे प्लेटवर 90.4 लिहिलेली मोटर टेस्टमध्ये 89 भरली तरी ती नियमात बसते, आणि 89 म्हणजे जवळजवळ आयई2. म्हणून स्वस्तातल्या अनोळखी आयई3 पेक्षा प्रत्यक्ष टेस्टचे आकडे दाखवणाऱ्या कंपनीला दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

जळलेली मोटर रिवाइंड करून स्पेअर म्हणून ठेवा, रोजच्या कामाला लावू नका. जुनं वाइंडिंग काढताना गॅसच्या ज्योतीने कोअर भाजला की पत्र्यांमधलं इन्सुलेशन जातं आणि लोखंडातला लॉस कायमचा वाढतो. कारागिराला ज्योत न लावता, तापमान सांभाळून ओव्हनमध्ये तापवून काढायला सांगा, आणि तारेचा गेज व टर्न्स मूळचेच ठेवायला लावा.

आता ब्लोअरवाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. जास्त एफिशिअन्सीच्या मोटरचा स्लिप (रोटर फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या जितका मागे पडतो तो फरक) कमी असतो, म्हणून ती थोडी जास्त वेगाने फिरते. जुन्या प्लेटवर 1440 आरपीएम असेल आणि नवीवर 1465, तर वेग पावणेदोन टक्के वाढला. पण सेंट्रिफ्युगल ब्लोअरचा लोड वेगाच्या घनाने वाढतो, म्हणजे पाच टक्क्यांच्या वर. फुल लोडवर ही वाढ जवळजवळ 400 वॅट होते, आणि आपण वाचवत होतो 160. महाग मोटर लावूनही बिल चढलं म्हणणारे लोक खोटं बोलत नाहीत, त्यांनी पुली तशीच ठेवलेली असते. बेल्ट ड्राइव्ह असेल तर मोटरची पुली त्याच प्रमाणात लहान करा: 150 मिलिमीटरची असेल तर साधारण 147.5. थेट कपलिंग असेल तर व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) लावून वेग जुन्या आकड्यावर आणा. पुली बदलल्यावर नुसत्या अँपिअरवर जाऊ नका, किलोवॅट दाखवणारा क्लॅम्प मीटर मागवून रीडिंग घ्या.