सासूबाईंचा उपास आणि कोलंबस

प्रश्न : आषाढीला माझा सातवीतला मुलगा ताटाकडे बघून म्हणाला, "आजी, तुझा उपास तर सगळा अमेरिकेचा!" सासूबाई दोन दिवस त्याच्याशी धड बोलल्या नाहीत. त्याचं खरं आहे का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : ताई, पोरगं बरंचसं बरोबर आहे. साबुदाण्याची खिचडीच घ्या. दाणे, बटाटा, मिरची तिन्ही मूळचे अमेरिका खंडातले. साबुदाणा पूर्वी आग्नेय आशियातल्या ताडाच्या गाभ्यापासून व्हायचा. मी रविवार कारंजावरून आणतो तो तमिळनाडूतल्या सेलमकडचा, कसाव्याच्या कंदाचा. आणि कसावा दक्षिण अमेरिकेचा. आपलं म्हणाल तर तूप, जिरं, मीठ.

कोलंबस १४९२ मध्ये निघाला तो सोनं आणि मसाले शोधत. कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या जेवणात त्याला एक तिखट फळ दिसलं, ते त्यानं मिऱ्याच्याच खाती टाकलं. आपण तरी वेगळं काय केलं? मिरीवरून मिरची! पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं आणि त्यांच्या जहाजांतून हे सगळं आपल्या किनाऱ्याला लागलं. 'बटाटा' हा शब्दसुद्धा मूळ ताइनोंचा, त्यांच्याकडे तो रताळ्याला होता. शब्द इथवर पोचला. ताइनो मात्र सक्तीच्या मजुरीनं आणि देवीच्या साथीनं काही दशकांत अगदी थोडे उरले.

राजगिऱ्याचं तर ऐकाच. मेक्सिकोत ॲझ्टेक लोक त्याच्या पिठाच्या देवमूर्ती करत आणि मग त्या मोडून प्रसादासारख्या वाटून खात. स्पॅनिश पाद्र्यांना ही आपल्याच धर्मविधीची सैतानी नक्कल वाटली, त्यांनी ती प्रथा मोडायला घेतली. तरी राजगिरा टिकला. आज तिथे 'आलेग्रिया' नावानं मिळणारी वडी म्हणजे हुबेहूब आपली राजगिऱ्याची चिक्की.

मग हे उपासाला चाललं कसं? मला वाटतं, वर्ज्य धान्यांची यादी जुनी, ही मंडळी मागाहून आली. यादीत नाव नाही, म्हणून आत. लासलगावचा कांदा मात्र बाहेरच!

मुलाचं 'सगळा' तेवढं चूक. भगर आपली आहे, पेठ-सुरगाण्याच्या डोंगरउतारावरची. सासूबाईंना हे आधी सांगा. आमटीतल्या दाण्यांचा विषय त्यांनी काढला तरच काढा. माझी आई उपासाला लाल तिखट घालू देत नसे, हिरवी मिरची चालायची. दोन्ही एकाच झाडाच्या, हे मी तिला एकदाच सांगितलं होतं.