पाणथळीचे पक्षी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मार्च-एप्रिलमध्ये चिखलातले पक्षी पाहायचे तर समुद्रकिनारा गाठा, असे सगळे सांगतात. आम्हा खान्देशवासीयांना समुद्र कुठला? शिवाय तापीवरच्या हतनूर धरणाचे पक्षी होळीआधीच निघून जातात, हे खरे का? – एक वाचक, चोपडा

उत्तर : निम्मेच खरे आहे. पट्टकादंब, चक्रवाक आणि थंडीतली बहुतेक बदके मार्चमध्ये उत्तरेची वाट धरतात. पण चिखलात चोच खुपसून पोट भरणाऱ्या पक्ष्यांची खरी बहार त्याच सुमारास असते. किनाऱ्यावर ओहोटी दिवसातून दोनदा येते, तर हतनूरच्या जलाशयाला ती वर्षातून एकदाच आणि तीही सावकाश लागते. पाणी मागे सरते तसा चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमाच्या बाजूला ओल्या गाळाचा पट्टा उघडा पडतो आणि त्यातल्या अळ्या-किड्यांवर टिलवे, तुतारी व पाणटिवळे हे चिखलातले पक्षी दिवसभर ताव मारतात, कारण पार सैबेरियाकडे जायचे तर अंगावर चरबी हवी. हिवाळ्यात हे पक्षी सारखेच करडे दिसतात आणि नवशिक्याची पंचाईत होते. मार्चअखेरीस मात्र काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्याची मान विटकरी होते आणि पिवळा धोबी पक्षी हळदीत बुडवून काढल्यासारखा दिसतो.

पाणी भरलेली शेतेही पाहावीत. उन्हाळी भुईमुगाला पाटाचे पाणी मोकळे सोडले, की ढेकळांतले किडे वर येतात आणि बगळ्यांमागोमाग शेकाटे व धोबी उतरतात. ठिबक आल्यापासून, विशेषतः केळीच्या पट्ट्यात, अशी शेते कमी झाली आहेत. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे, आपल्याला मात्र जरा जास्त फिरावे लागते. मालकाला राम राम घालून बांधावरूनच पाहावे आणि सकाळी सूर्य पाठीशी येईल अशी जागा धरावी.

प्रश्न : तापीतल्या वाळूच्या बेटांवर जवळ जाऊन छायाचित्रे घेतली तर चालेल का? – एक वाचक, भुसावळ

उत्तर : मार्च ते मे मुळीच नको. नदीसुरय आणि छोटी आर्ली हे पक्षी उघड्या वाळूवरच अंडी घालतात आणि ती वाळूच्याच रंगाची असल्याने पायाखाली आली तरी कळत नाहीत. भुसावळचे ऊन आपण सांगायला नको. त्या उन्हात आई-बाप अंड्यांवर सावली धरून उभे राहतात, मधूनच नदीवर जाऊन पोटाची पिसे भिजवून आणतात आणि त्या ओलाव्याने अंडी थंड ठेवतात. आपण जवळ गेलो की ते उडतात, आणि आपण तिथे असेपर्यंत अंडी उन्हातच राहतात.