अभंग गाताना शब्द स्पष्ट कसे यावेत?

घरी कोंकणी बोलत असून भजनी सप्ताहात मराठी अभंग म्हणताना शब्द पुसट ऐकू येतात, असे आपण विचारले आहे. माझ्या मते दोष बहुधा जिभेपेक्षा स्वर (अ, आ, इ यांसारखा वर्ण) कोठे लांबवला जातो यात असतो. सूर मुख्यतः अशा स्वरावर टिकतो, बहुतेक व्यंजनांवर नाही. म्हणून ‘संत’ हा शब्द लांबवताना ‘स’मधील अकार मोकळा धरावा आणि अनुस्वाराचा ‘न्’ अगदी शेवटी, ‘त’ येण्याच्या क्षणी उच्चारावा, अन्यथा सूर नाकात अडकतो. कोंकणीत शब्दान्ती सानुनासिक (नाकातून उच्चारले जाणारे) स्वर विपुल असल्याने ही सवय आपल्याकडे सहज शिरते (बोलताना ती गोडच वाटते). ‘चरण’मधील तालव्य (टाळूला जीभ लावून म्हटलेला) ‘च’ आणि ‘चांदणे’मधील दंत्य (दातांजवळ जीभ लावून म्हटलेला) ‘च’ हा भेद कोंकणीलाही ठाऊक आहे, त्यामुळे तेथे फारशी अडचण येऊ नये. द्रुत (जलद) लयीत मात्र ‘भ’, ‘ध’, ‘घ’ यांतील महाप्राण, म्हणजे ‘ह’सारखा श्वासाचा जोर, गळतो आणि ‘भाव’चा ‘बाव’ होतो. त्यासाठी पेटी बाजूला ठेवून, केवळ टाळाच्या ठेक्यावर, अभंग प्रथम सुराविना विलंबित (संथ) लयीत वाचावा, मग एकाच सुरावर म्हणावा आणि चाल सर्वांत शेवटी लावावी.