बादलीतल्या अळ्या आणि घरातली कुरबुर

प्रिय,

तुझं पत्र वाचलं. ओल्या कचऱ्याच्या खताच्या बादलीत अळ्या झाल्या, शेजारच्या काकूंनी वासाची तक्रार केली, आई म्हणते हे खूळ बंद कर, आणि कपडे धुवायचं रिठ्याचं पाणी चौथ्या दिवशी आंबलं. घरातला कचरा कमी करायचा म्हणून महिनाभरात एवढं सगळं एकदम सुरू केल्यामुळे कुठे काय बिघडलं तेच कळेनासं झालंय. तूर्त बाकीचं बाजूला ठेव आणि आधी ही बादली मार्गी लाव. ओला कचरा वेगळा झाला की कोरडा कचरा बरबटत नाही, अर्धी कटकट तिथेच मिटते.

वास येतो तो पाण्यामुळे. भाजीची देठं, फळांच्या साली यांच्या वजनात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं. कुजताना ते सुटतं, तळाशी साचतं, हवा कोंडते आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू माजतात. सडक्या अंड्यासारखा वास त्यांचा. नाकात झोंबणारा वास येत असेल तर नत्र (नायट्रोजन) जास्त आणि कर्ब (कार्बन) कमी पडतोय. औषध दोन्हीवर एकच: सुका पाला. एक वाटी ओला कचरा टाकला की त्यावर वाटी-दीड वाटी कोरडा चुरा, आणि तो रोज.

मिश्रण मुठीत घेऊन घट्ट दाब. हाताला ओल लागावी, पण बोटांच्या फटीतून थेंब गळता कामा नये. गळला, तर दोन दिवस नवीन कचरा टाकू नकोस, कोरडं मिसळून तळापर्यंत उकर. अगदीच भुगा होत असेल तर थोडं आंबट ताक पाण्यात मिसळून शिंपड.

बादली २० लिटरची चालेल. तळाला पाच-सहा भोकं, बाजूंना चार-चार बोटांवर भोकं, आतून जुन्या मच्छरदाणीचा तुकडा. ती दोन विटांवर ठेव आणि खाली ताटली सरकव. तळाशी तीन इंच नारळाच्या शेंड्या. एकाच बादलीवर भागवायला गेलं की मात्र हमखास फसतं. चौघांच्या घरात ती दोन-तीन आठवड्यांत भरते आणि पुढे मुरायला दीड-दोन महिने लागतात, म्हणून बादल्या तीन-चार हव्यात.

आता अळ्या. जाड, चपट्या, मळकट रंगाच्या, अंगावर वळ्या असलेल्या असतील तर त्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लायच्या. त्या कचरा झपाट्याने संपवतात, आणि त्यांची माशी घरमाशीसारखी अन्नावर बसत फिरत नाही. फिनेल किंवा कीटकनाशक अजिबात ओतू नकोस, खत करणारे जिवाणूच त्याने मरतील. वर दोन इंच कोरड्या कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या शेंड्यांच्या भुशाचा, थर दे. दुकानातली कोकोपीटची दाबलेली वीट पाण्यात फुलवली असेल तर आधी उन्हात खडखडीत वाळव, नाहीतर ओलीत आणखी ओल. चिलटांची अंडी बऱ्याचदा फळांच्या सालींवरून येतात, तेव्हा केळी-आंब्याच्या साली रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून मग टाक.

उरलेली आमटी, तेलकट भाजी, मासे-मटण यात नको. कंपोस्टेबल लिहिलेली पिशवीही नको. तिला मोठ्या प्रकल्पातली उष्णता लागते, बादलीत ती महिनोन्‌महिने तशीच राहते.

पावसाळ्यात सुका पाला मिळत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते, तेव्हा सोसायटीचे माळीदादा पानं पेटवायच्या आत त्यांच्याकडून दोन-तीन गोण्या मागून घे. संपल्याच, तर अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे फाडून घाल.

आईच्या बाबतीत एवढंच कर, की तिच्या कामात भर पडू देऊ नकोस. ओट्यावर झाकणाचा एक डबा ठेव आणि रात्री तो तुझ्याच हाताने रिकामा करून धू. कचरा वेगळा करायचं काम कामाच्या मावशींवर ढकलू नकोस. काकूंच्या भिंतीलगत बादली असेल तर आधी हलव, मग त्यांच्याकडे जा.

रिठ्याचं आंबणं साहजिक आहे, उकळून गाळलेलं पाणी बाहेर टिकतच नाही. दहा-बारा रिठे बिया काढून उकळ, गाळून फ्रीजमध्ये ठेव आणि आठवड्यात संपव. तेलकट कॉलर त्याने निघत नाही, तिथे साबणच लाव, त्यात काही चुकत नाही. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नकोस. तो चिमुकला तुकडा कुणीच वेचत नाही.

खत झालं असं वाटलं की मूठभर खत पिशवीत घट्ट बांधून दोन दिवस ठेव. उघडल्यावर आंबूस वास आला तर अजून पंधरा दिवस मुरू दे. पावसाच्या मातीसारखा आला तर चाळून घे, एक भाग खताला तीन भाग माती घेऊन कुंडी भर, आणि चाळणीत उरलेला चोथा नव्या बादलीत विरजण म्हणून टाक.