मुलाचं कर्ज फेडण्यासाठी निवृत्तीचा निधी मोडू का?

प्रश्न: माझं वय ५२, निवृत्तीला ९ वर्षं आहेत. मुलगा २१ वर्षांचा. त्याला लहानपणापासून टाइप १ मधुमेह आहे. फीसाठी दिलेले पैसे त्याने दोन सत्रं भरलेच नाहीत. इन्सुलिनचे पैसेही कधीकधी दुसरीकडे गेले. मोबाइल ॲपवरून कर्ज घेतलंय, पण आकडा दरवेळी वेगळा सांगतो. निवृत्तीच्या पैशांतून सगळं एकदाच मिटवून टाकू का?

उत्तर: ताई, आज काहीही मोडू नका. फक्त इन्सुलिनचा खर्च आजपासून स्वतःच्या हातात घ्या. टाइप १ मध्ये शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही; डोस बंद पडले तर एक-दोन दिवसांतही जिवावर बेतू शकतं. म्हणून ‘आधी खरं बोल, मग औषध’ अशी अट रागाच्या भरातही घालू नका. इन्सुलिन, साखर मोजायच्या पट्ट्या, तपासण्या यांचं बिल तुम्ही थेट भरा. आरोग्य विम्यात त्याचं नाव कोणत्या वयापर्यंत राहतं, तेही पॉलिसीत बघून ठेवा.

आता खोटेपणाबद्दल. रोज टोचून घेण्याचा थकवा खरा असतो आणि या आजारात नैराश्यही बऱ्याच जणांना गाठतं. चुकवलेले डोस मुलं ओरडा बसेल म्हणून लपवतात, आणि एकदा लपवायची सवय लागली की पैशांचंही तसंच होतं. तुमच्या मुलाचं असंच झालंय का, हे मी इथून सांगू शकत नाही. पण समुपदेशकाची फी मी औषधाच्याच खात्यात धरेन. तो सज्ञान आहे, त्यामुळे डॉक्टरांशी बोलायला त्याची संमती मागा. त्याच्या नकळत चौकशी नको.

कर्जाचा हिशेब मात्र कठोरपणे करायला हवा. ८ टक्के दराने वाढणारी तुमची रक्कम ९ वर्षांत दुप्पट होते, म्हणजे आज काढलेल्या प्रत्येक रुपयामागे निवृत्तीच्या वेळी दोन रुपये कमी. उलट दरमहा ३ टक्के चक्रवाढीचं कर्ज २४ महिन्यांतच दुप्पट होतं. त्यामुळे ‘त्याचं तो बघेल’ म्हणणंही महागात पडेल. महाग कर्ज लवकर फिटायला हवं, पण आधी आकडा खरा हवा. त्याच्यासमोर बसून ॲप उघडा, कर्जाचं विवरण डाउनलोड करा, व्याज आणि दंड वेगळे लिहा. त्यानंतर साध्या बचतीतून जेवढं जमेल तेवढं थेट कर्ज देणाऱ्याला भरा. मुलाच्या खात्यात एक पैसाही टाकू नका. उरलेल्याचा हप्ता त्याने कमावून भरायचा, छोटा का असेना.

जामीनदार म्हणून कुठेही सही करू नका. त्याने थकवलं तर सगळी रक्कम तुमच्याकडून वसूल होऊ शकते. फीचा प्रश्न वर्षभर बाजूला राहू दे.

आणि ते विवरण उघडाल त्या दिवशी आकडा कितीही मोठा निघाला तरी रागवू नका. पुढचा आकडा तो तुम्हाला खरा सांगेल की नाही, ते त्या दिवशीच्या तुमच्या चेहऱ्यावरून ठरेल.