विचारा तर खरं : रंग राहू द्या, वजनाचा कागद मागवा

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत ओहायोला असतो. हौशी वैमानिकाचं लायसन आहे. आता त्यानं 1946 सालचं सेस्ना 140 पसंत केलंय. दोन सीटचं, शेपटाखाली चाक असलेलं. विकणारा म्हणतो, पूर्ण रिस्टोअर केलंय, 85 एचपीचं इंजिन 100 चं झालं, ब्रेक नवे, रेडिओ नवा. मुलगा म्हणतो, "आई, नव्यासारखं आहे." थोडे पैसे मी द्यावेत अशी त्याची इच्छा आहे, आणि डिसेंबरात मला त्यात फिरवणार आहे. देऊ का?
– एक निवृत्त शिक्षिका, इंदूर

उत्तर : ताई, विमान चांगलं निवडलंय. सेस्नाची 120, 140 आणि 140ए ही भावंडं मिळून साडेसात हजारांवर विमानं बनली, त्यामुळे सुटे भाग आणि जाणकार मेकॅनिक तिकडे अजून मिळतात. पण "नव्यासारखं" या शब्दानं मी सावध होतो.

माझी सुरुवातीची वर्षं पुष्पकवर गेली. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं हे विमान 1958 मध्ये पहिल्यांदा उडालं. 90 एचपी कॉन्टिनेंटल इंजिन, दोघं शेजारी-शेजारी, चाक शेपटाखाली. म्हणजे 140 चा चुलतभाऊच म्हणा. एका फ्लाइंग क्लबात (नाव नको) असंच एक नवं रंगवलेलं पुष्पक आलं. पिवळा रंग असा, की त्यात तोंड दिसावं. शेपटाजवळ कापडावर अंगठा दाबला, तर आत काहीतरी कुरकुरलं. कापड कापलं आणि खालच्या स्टीलच्या नळीला आरीचं टोक लावलं, ते आरपार गेलं. ही विमानं शेपूट टेकून उभी असतात. पावसाचं पाणी ओघळत जाऊन तिथेच साचतं. वरून रंग, आतून गंज.

140 चं धड ॲल्युमिनियमचं, पंख कापडाचे (धातूचे पंख 1949 मध्ये 140ए बरोबर आले). तिथे बघायचं ते उंदराचं घरटं. त्यांच्या मुतानं पत्रा खाल्ला जातो. मेकॅनिकला फ्लोअर काढायला लावा, आणि तो मेकॅनिक विकणाऱ्याच्या ओळखीचा नको.

आता नव्या ब्रेकांचं. या विमानाचं वजन पुढच्या चाकांच्या मागे असतं. स्टेशनवरची सामानाची ट्रॉली उलटी ढकलून बघा, ती गर्रकन फिरू बघते. तसंच हे. उतरताना शेपूट एकदा हातातून सुटलं की विमान जागच्या जागी फिरतं, त्याला ग्राउंड लूप म्हणतात. सत्तर-ऐंशी वर्षांत हे एकदाही झालं नसेल, यावर माझा विश्वास नाही. खूण दिसते दाराखाली, जिथे चाकाचा पाय धडात शिरतो तिथे. त्याला गिअर बॉक्स म्हणतात (आत गिअर-बिअर काही नसतं). तिथल्या पत्र्याला सुरकुत्या किंवा वेगळ्या जातीचे रिव्हेट दिसले, तर प्रश्न विचारायचे. नवा ब्रेक घट्ट पकडतो, जोरात दाबला तर नाक खाली येऊन प्रॉप (पुढचा पंखा) जमिनीला लागतो. मग इंजिन उघडणं आलं. मुलानं टेलव्हीलचं (शेपटाखाली चाक असलेल्या विमानाचं) शिक्षण घेतलंय ना? अमेरिकेत 15 एप्रिल 1991 पासून त्यासाठी प्रशिक्षकाची वेगळी सही लागते, आणि विमा कंपनी अशा उड्डाणाचे तास मोजते.

शंभर एचपीवर फार भाळू नका. ते 2750 आरपीएमला (मिनिटाला तेवढे फेरे) मिळतात. जुन्या इंजिनाची पूर्ण ताकद 2575 लाच यायची. प्रॉप जास्त पिचचा (पाती जास्त तिरपी) असेल, तर उड्डाणाच्या वेळी इंजिन तिथवर पोचतच नाही.

आणि माझा खरा मुद्दा. या विमानाचं एकूण वजन जास्तीत जास्त 658 किलो चालतं. कारखान्यातून रिकामं निघताना ते चारशेच्या आसपास होतं. रेडिओ, गाद्या, रंगाचे थर असं करत तीस किलो सहज वाढतात. टाक्या भरल्या की इंधनाचे 68. उरले 160 किलो! मुलगा नव्वदचा असेल, तर तुम्ही आणि पर्स एवढंच. चिवड्याचा डबा खाली राहील. म्हणून विचारायचं, रिस्टोअर झाल्यावर विमान काट्यावर चढवलं होतं, की जुन्या आकड्यात नुसती बेरीज केली? बेरीज केलेली असेल, तर पुन्हा वजन करून घ्या, खर्च विकणाऱ्याचा.

त्याबरोबर दोन्ही लॉगबुकं (विमानाचं आणि इंजिनाचं), आणि प्रत्येक मोठ्या बदलाचा फॉर्म 337, म्हणजे अमेरिकी विमान खात्याचा नोंदीचा कागद. इंजिनबदलाचा तर हवाच. कागद सापडत नाही म्हणाला, तर सापडेपर्यंत पैसे इंदुरातच राहू द्या.

सगळं नीट निघालं तर द्या आणि बसाही. उजव्या सीटसमोरही पेडलं असतात, ती मुलाच्या पेडलांना जोडलेली आहेत. उतरताना पाय मागे ओढून बसा.